घास गिळणंही ताकदीचं काम

मैत्रिणींनो, सासूबाईंना पाणी पिताना ठसका लागला की आपण पाठ चोळतो आणि ‘वय झालं’ म्हणतो. पण अंगातली ताकद घटते तशी घशाच्या स्नायूंचीही घटते. मग घोट श्वासनलिकेत जातो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना खोकला, पाण्यानंतर घरघरता आवाज, वारंवार ताप आढळला तर डॉक्टरांना दाखवू. स्पीच थेरपिस्ट गिळणं तपासून व्यायाम शिकवतात.

पायांची ताकद घरीच पाहू. आपण शेजारी उभं राहायचं. त्यांनी हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १५ सेकंदांहून जास्त लागले, तर तेही डॉक्टरांना सांगू.

तोवर ताठ बसवून लहान घोट देऊ, जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देणार नाही. ठसक्याच्या भीतीनं पाणी मात्र तोडायचं नाही.