'पूर्ण' कीं 'वर्तमान' ?

इंग्रजी लिहितांना आपल्याकडील सुशिक्षितांचाहि पाय जेथें हमखास घसरतो, तें स्थळ म्हणजे साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांमधील निवड. शब्द चुकला तर वाचणारा हसून सोडून देतो. काळ चुकला तर तो भलताच अर्थ घेऊन बसतो.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नुकताच शिक्षक झालों होतों. अमरावतीस आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ अंथरुणास खिळले. मुलगा मद्रासेस एका कचेरींत होता. तो रजा घेऊन आला. दुखणें हटेना, तेव्हां रजा वाढवून मागण्यासाठीं त्यानें अर्ज लिहिला व मला दाखविला. 'माय फादर वॉज इल फॉर टेन डेज' असें त्यांत वाक्य होतें. मीं स्पेलिंगें तपासलीं, एक स्वल्पविराम घातला आणि अर्ज ठीक आहे म्हणून सांगितलें. साहेब तामीळभाषी; त्यानें इंग्रजी इंग्रजीप्रमाणेंच वाचलें. तारेनें उत्तर आलें कीं, वडील बरे झाल्याचें वाचून आनंद वाटला, आतां कामावर हजर व्हावें. नोकरी नवी, पुन्हा लिहावयाचा धीर त्याला झाला नाहीं. तो गेला, आणि चवथ्या दिवशीं वडिलांनीं देह ठेवला.

तेथें 'हॅज बीन इल' एवढेंच हवें होतें. 'वॉज' म्हटलें कीं दुखणें सरलें. 'हॅज बीन' म्हटलें कीं तें अजून चालू आहे.

नांवांतील 'पूर्ण' हा शब्द आपण धरतों आणि 'वर्तमान' सोडून देतों, हें या चुकीचें मूळ होय. हा काळ मागच्या गोष्टीविषयीं बोलतो खरा, पण दृष्टि आजवर ठेवून. म्हणून संपलेल्या वेळेचा उल्लेख त्याला सोसत नाहीं. मराठींत 'मीं काल त्याला पाहिलें आहे' हें बिनदिक्कत चालतें. इंग्रजींत 'यस्टरडे' आलें कीं 'हॅव सीन' गेलेंच. अमरावतीस काँग्रेस भरली ती १८९७ सालीं. साल सांगावयाचें तर 'मेट'च म्हणावें. दादासाहेब खापर्डे १९३८ सालीं निवर्तले. त्यांच्याविषयीं 'ही हॅज लिव्ड इन अमरावती' असें लिहिल्यास ते आजहि हयात असल्याचा भास होईल.

संस्कृत शिकलेल्यास असा भेद अपरिचित नसावा. पाणिनीनें आजचा नव्हे अशा भूतकाळास लङ्, त्यांतहि स्वतः न पाहिलेल्यास लिट् आणि सामान्य भूतकाळास लुङ् नेमून दिला. ब्राह्मणग्रंथांच्या गद्यांत लुङ् नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठीं येतो, आणि तेथें तो या 'हॅव'च्या फार जवळ आहे. पुढें संस्कृतांतच हे भेद पुसट झाले, मग मराठीला काय बोल लावावा!

उलट बाजूहि आहे. 'मी दहा वर्षें अकोल्यास राहतों' यांतील वर्तमानकाळ पाहून विद्यार्थी 'आय ॲम लिव्हिंग' लिहितो. हवें असतें 'आय हॅव लिव्ड इन अकोला फॉर टेन इयर्स'. नुसतें 'लिव्ड' लिहिलें तर अकोलें सुटलें! आणि 'काल अकोल्यास गेलों होतों' याचें 'हॅड गॉन' केलें, तर इंग्रज वाचक 'बरें, मग पुढें काय झालें?' म्हणून वाट पाहत राहतो. कारण 'हॅड'ला मागाहून घडलेली दुसरी गोष्ट लागते. तेथें साधें 'वेंट' पुरे.

अमेरिकेहून सुटींत आलेला नातू 'हॅव यू ईटन' ऐवजीं 'डिड यू ईट यट' म्हणाला, तर मात्र त्याला दटावूं नये. तिकडे बोलण्यांत तें चालतें.

मद्रासेचा तो मुलगा आतां स्वतः निवृत्त होऊन अमरावतीसच राहतो. अर्जांत चूक कोणती होती आणि ती कोणाच्या नजरेखालून गेली, हें मीं त्याला अद्याप सांगितलेलें नाहीं. हें मासिक त्याच्या घरीं येतें.