दिव्याची काच कोणासाठी?

नवरात्रात माहूरचा रस्ता रात्रीही थांबत नाही. नांदेडकडून, किनवटकडून, पैनगंगेपलीकडच्या पुसद-उमरखेडकडून एसटी, काळी-पिवळी, खासगी जीप अशा गाड्या येत राहतात आणि रेणुकामातेच्या डोंगराकडे वळणे घेत चढतात. त्याच रस्त्याच्या कडेने भाविक पायीही चालत असतात. अशा वळणावर समोरच्याने डिपर दिला, तरी कधी कधी डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो आणि कडेचा माणूस दिसेनासा होतो. दोष बहुधा बल्बला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा बल्बच्या पुढे असतो. तो असतो तडकलेल्या, पिवळ्या पडलेल्या किंवा चुकीच्या जातीच्या काचेत. जुन्या मोटारींचे शौकीन आपल्या गाडीची फुटलेली काच बदलताना मूळ कंपनीची काच, मूळ रिंग, मूळ स्क्रू कुठे मिळतील याचा कसून शोध घेतात. तो शोध योग्यच आहे, पण पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. या काचेतून निघालेला उजेड रस्त्यावर पडणार, की समोरच्याच्या डोळ्यांत? हा प्रश्न माहूरच्या घाटातल्या जीपला जितका लागू आहे, तितकाच मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत मिरवणाऱ्या स्पोर्ट्स कारलाही आहे.

या दोन गाड्यांत वाटते त्याहून जवळचे नाते आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास ७ इंची गोल दिव्याचे माप ठरले आणि पुढे ते जगभर पसरले. आपल्याकडची महिंद्राची जीप, अँबेसेडर, बुलेट या सगळ्यांच्या तोंडावर हाच दिवा होता. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलेल्या जॅग्वार ई-टाइपच्या लांब, निमुळत्या नाकात बसवलेला दिवाही ७ इंचीच. या दिव्याची पुढची काच जवळून पाहिली, तर तिच्या आतल्या बाजूला उभ्या रेघा आणि छोटे छोटे तिरके चौकोन दिसतात. ती नक्षी नव्हे. मागचा वाटीसारखा रिफ्लेक्टर बल्बचा उजेड गोळा करून सरळ पुढे फेकतो, आणि काचेवरच्या रेघा तो आडवा पसरवतात, खाली वळवतात, रस्त्याच्या कडेला थोडा लांब पोचवतात. एच-फोर बल्बला अप्परसाठी ६० वॉट आणि डिपरसाठी ५५ वॉट मिळतात. ते कुठे खर्च व्हायचे, हे रिफ्लेक्टर आणि काच मिळून ठरवतात. आपल्याकडे एकेकाळी काचेवर काळा ठिपका रंगवलेला असे. समोरच्याचे डोळे दिपणे काचेशी जोडलेले आहे, ही जाण त्यामागे होती.

ई-टाइपच्या पहिल्या गाड्यांना या दिव्यापुढे आणखी एक काच होती. विमानांच्या कामातून आलेल्या माल्कम सेयर यांनी रेखाटलेल्या त्या बॉडीवरून वारा अडथळ्याविना सरकावा, म्हणून दिवा आत ठेवून त्यावर तिरकी पारदर्शक काच बसवली होती. दिसायला ती अप्रतिम होती, पण उजेडाचा हिशेब वेगळा आहे. सरळ उभ्या स्वच्छ काचेतून जाताना १०० भागांपैकी सुमारे ८ भाग उजेड परावर्तनातच जातो. तीच काच अशी कलली, की उजेड तिच्यावर ६० अंशांनी तिरका पडतो, तेव्हा हे नुकसान १६-१७ भागांपर्यंत वाढते. हे अगदी नव्या काचेचे गणित झाले. तिच्यावर धूळ, ओरखडे, आतून दमट वाफ जमली की उरलेला उजेडही विखुरतो. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून लागू केलेल्या सुरक्षा नियमांत चालू दिव्यापुढे असे आवरण चालेनासे झाले आणि जॅग्वारने १९६७ मध्येच ते काढून टाकले. आज शौकीन ज्या झाकलेल्या दिव्यांच्या ई-टाइपवर जीव टाकतात, तिचे ते रूप खुद्द बनवणाऱ्यानेच सोडले होते.

आता काच बदलण्याच्या प्रत्यक्ष कामाकडे येऊ. जुन्या स्पोर्ट्स कारचे आवरण काचेचे तरी असते, नाहीतर ॲक्रिलिकचे. १९६६ च्या अल्फा रोमिओ स्पायडरवर ॲक्रिलिकचे आवरण मिळत असे. दोन्हींच्या स्वभावात मोठा फरक आहे. १ अंश तापमान वाढले की ॲक्रिलिक पोलादाच्या जवळपास सहापट पसरते. ४० सेंटिमीटर लांबीचे आवरण पहाटेच्या गारव्यातून मराठवाड्याच्या वैशाखी उन्हात गेले आणि ४० अंशांनी तापले, तर ते १ मिलिमीटरहून थोडे जास्त वाढते. त्याखालचा पत्रा मात्र जेमतेम ०.२ मिलिमीटर. म्हणून स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे, खाली मऊ रबरी पॅकिंग हवे आणि स्क्रू हलक्या हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायला हवेत. मिस्त्रीने एका बाजूने सगळे कचकचून आवळत नेले, तर पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून बारीक चीर निघते. जुने कडक झालेले रबर तसेच ठेवून नवी काच बसवणे ही तितकीच मोठी चूक आहे, कारण पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते आणि रिफ्लेक्टरची चकाकी खाते. काळवंडलेल्या रिफ्लेक्टरपुढे नवी काच लावणे म्हणजे आंधळ्या डोळ्याला चष्मा लावणे. काच, रबर आणि रिफ्लेक्टर हे एकच काम आहे. त्यातले एक करून दोन टाळता येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा येईल. जुनी गाडी म्हणजे वारसा, तिच्यातला मूळ तुकडा काढला की वारसा उणा होतो, असे म्हटले जाते. केंद्राने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांतही ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे बदल न केलेली गाडीच व्हिंटेज मानली आहे. तिला नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरे आणि १० वर्षांची नोंदणी मिळते. पण तडकलेल्या काचेच्या जागी त्याच मापाची, त्याच रचनेची निर्दोष काच बसवणे ही दुरुस्ती आहे, गाडीच्या मूळ रूपातला मोठा बदल नव्हे. शिवाय गाडीचे मूळ रूप केवळ दिसण्यात नसते. कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा दिवा रस्ता दाखवत होता. तडकलेली मूळ काच जपून कपाटात ठेवावी, तिची नोंद ठेवावी आणि रस्त्यावर जाताना धड काच लावावी. यात वारसा उणा होत नाही, पूर्ण होतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. काच महाग, मिळायला कठीण, तेव्हा घासून-पुसून भागवावे. साध्या काचेवरचे खोल ओरखडे सहज जात नाहीत. पण १९८० च्या दशकापासून आलेल्या पॉलिकार्बोनेटच्या आवरणांना वॉटर पेपर आणि पॉलिश मारण्याची पद्धत गॅरेजोगॅरेजी आहे. तिचा उपयोग होतो, पण मर्यादित. अमेरिकेतील ट्रिपल ए या मोटार संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत केवळ २२ टक्के उजेड मिळाला. घासून चकचकीत केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. बाजारातल्या पर्यायी सुट्या भागांनी ८३ ते ९० टक्के उजेड दिला आणि मूळ कंपनीच्या नव्या दिव्यांनी पूर्ण. ऊन सोसण्यासाठी दिलेला वरचा थर घासण्यात निघून जातो, म्हणून नवा थर न चढवता केलेले पॉलिश पुन्हा लवकर पिवळे पडते. ज्याला आज काच परवडत नाही त्याने जरूर घासून घ्यावे, पण ती तात्पुरती सोय आहे हे धरून चालावे.

तिसरा उपाय सर्वांत घातक आहे. काच तशीच ठेवून आत जास्त तेजाचा एलईडी टाकायचा! जुना रिफ्लेक्टर आणि काच बारीक तारेच्या ठरावीक जागेवर बेतलेली असतात. प्रकाशाची जागा थोडी सरकली की सगळा हिशेब बिघडतो आणि मळकी काच तो वाढीव झोत चहूकडे उधळते. मालकाला गाडीसमोर पांढरेशुभ्र दिसते, समोरच्याला काहीच दिसत नाही. परदेशातून मागवलेल्या काचांतही हाच धोका दडलेला आहे. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथल्या डिपरचा उजेड उजव्या कडेला लांब जातो. ती काच आपल्याकडे बसवली की नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी घडवलेली काच मागवणे एवढे सोपे काम वेळीच केले, तर हा धोका टळतो.

अशा गाड्या रात्री कुठे फिरतात, असा शेवटचा प्रश्न उरतो. क्वचित फिरतात हे खरे, पण रॅलीहून परतताना अंधार पडतोच, आणि समोरून येणाऱ्याला तुमची गाडी वर्षातून किती वेळा निघते याने फरक पडत नाही. म्हणून काच बदलल्यावर काम संपले असे न मानता गाडी सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिपर लावावा. उजेडाचा तेजस्वी भाग त्या रेघेच्या थोडा खाली आणि डावीकडे झुकलेला दिसला, तर काच नीट बसली. तो रेघेच्या वर किंवा उजवीकडे उधळत असेल, तर काच कितीही अस्सल, कितीही महागाची असली तरी पुन्हा उघडावी. ही तपासणी फुकट आहे, माहूरच्या जीपवाल्यालाही जमणारी आहे आणि व्हिंटेज नोंदणीचे नूतनीकरण करताना तर ती सक्तीचीच असावी. गाडी मालकाची, वारसा मालकाचा. दिव्याचा उजेड मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांचा असतो आणि काच निवडताना त्यांचा हक्क पहिला आहे.