रुमालाचं पॅराशूट

वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा चुरगाळून बोळा करा, दुसरा सपाट ठेवा आणि दोन्ही एकाच उंचीवरून एकदम सोडा. बोळा सरळ खाली येतो, कागद हेलकावे खात मागून पोचतो. वजन तर दोघांचं तेवढंच! मग फरक कशानं पडला? सहा-सात वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडला की पॅराशूटचा धडा सुरू झाला.

उत्तर आहे हवा. पडणाऱ्या वस्तूला वाटेतली हवा बाजूला सारावी लागते. वस्तूचा पसारा मोठा असेल, तर रोधही मोठा. वेग दुप्पट झाला की हा रोध साधारण चौपट होतो. रोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. विमानातून उडी मारून आडवा पडणारा माणूस ताशी सुमारे 190 किलोमीटर वेग गाठतो. पॅराशूटची छत्री उघडल्यावर तो वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास येतो. लहान मुलांना ही आकडेमोड सांगायची गरज नाही. मोठा पुठ्ठा छातीसमोर धरून त्यांना मैदानात पळू द्यावं. हवा कशी अडवते, ते हातांनाच कळतं.

मग बांधणी. जुना पातळ रुमाल किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून कापलेला 30 सेंटिमीटर बाजूचा चौकोन, चार सारखे दोरे आणि वजनासाठी लोखंडी नट किंवा मातीचा गोळा, एवढं सामान पुरतं. दोरे चार कोपऱ्यांना बांधायचे, मोकळी टोकं एकत्र गाठायची आणि तिथं वजन लटकवायचं. दोऱ्यांची लांबी चौकोनाच्या बाजूएवढी ठेवली की छत्री चांगली फुलते. गाठी मुलांनीच माराव्यात. एखादा दोरा आखूड राहिला की पॅराशूट कलतं आणि दोरे सारखे का हवेत, ते न सांगता समजतं. उंचावरून सोडायचं काम मात्र मोठ्यांचं. मुलांनी खाली उभं राहून वेळ मोजावी. प्लास्टिकच्या पिशव्याही चिमुरड्यांच्या हाती एकट्यानं देऊ नयेत.

खरं शिकणं पहिल्या उड्डाणानंतर सुरू होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पक्का ठेवावा. वजन तेच ठेवून चौकोनाची बाजू 60 सेंटिमीटर केली, तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि पडण्याचा वेग जवळपास निम्मा. सोडण्याआधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा, मग मोबाइलवर वेळ पाहायची. अंदाज चुकला की मुलं पुन्हा सोडून बघायचा हट्ट धरतात. तो हट्ट पुरवावा.

छत्री झोके घेऊ लागली, तर मुलांना आंद्रे-जाक गार्नरँची गोष्ट सांगावी. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये हा फ्रेंच माणूस फुग्यातून रेशमी पॅराशूटनं उतरला. खालची टोपली भयंकर झुलली, पण तो सुखरूप राहिला. छत्रीत कोंडलेली हवा कधी या कडेनं, कधी त्या कडेनं निसटत होती. पुढं छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवण्याची पद्धत आली. मुलांनीही आपल्या छत्रीच्या मध्यावर नाण्याएवढं भोक पाडून बघावं.

हवेच्या रोधाचं हेच तत्त्व आज भारताच्या गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेच्या कामी येतं. 21 ऑक्टोबर 2023 च्या चाचणीत त्याचं कुपी-यान पॅराशूटच्या आधारे बंगालच्या उपसागरात उतरलं. या यानासाठी एकूण दहा पॅराशूट योजली आहेत. आधी लहान उघडतात, वेग कमी झाल्यावर तीन मोठी. कारण भर वेगात मोठी छत्री उघडली, तर झटक्यानं ती फाटू शकते. आणि चंद्रयान-3 च्या विक्रम लँडरला पॅराशूट का नव्हतं? चंद्रावर अडवायला हवाच नाही, म्हणून तो इंजिनांच्या जोरावर उतरला. रुमालाशी खेळलेलं मूल हे उत्तर स्वतः शोधू शकतं.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. शाळांनी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तयार प्रतिकृती मांडण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या हाती एक रुमाल आणि चार दोरे द्यावेत. खर्च नाममात्र आहे. वेळ मात्र सढळ हातानं द्यायला हवा.