कौतुकाची बातमी होत नाही

भरती, पगार, कपात अशा एचआर बीटवरच्या बातमीदाराकडे येणारी बरीच प्रसिद्धीपत्रकं एकाच साच्यातली असतात: नवे एचआर प्रमुख रुजू झाले, पुरस्कार मिळाला, महिला दिनी व्याख्यान झालं. ती छापून आली नाहीत की पीआरवाले ओळखी वाढवायला निघतात. ओळखीने फार तर फोन उचलला जाईल. पत्रकात वाद घालावा किंवा तपासून पाहावं असं काही नसेल, तर बातमी कशाची करणार? बातमी होते ती वादाच्या निर्णयाची: ऑगस्ट 2022 मध्ये स्विगीने कर्मचाऱ्यांना काही अटींवर जोडकामाची मुभा दिली. त्याच महिन्यात विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी अशा मूनलायटिंगला उघड फसवणूक ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये 300 जणांना काढल्याचं सांगितलं. विषय पेटला, कारण पगार देणाऱ्याचा माणसाच्या उरलेल्या वेळेवर हक्क किती, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या घरातला होता.

अशा निर्णयामागोमाग बातमीला आकडा लागतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना बाजार नियामक सेबीच्या नियमाने 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल द्यावा लागतो. किती टक्के कायम कर्मचारी सोडून गेले, ते त्यात स्त्री-पुरुषवार असतं. पालकत्वाच्या रजेनंतर किती जण परतले आणि टिकले, तेही असतं. ‘आमच्याकडे मातांना आपुलकी’ हे वाक्य बातमीदार तिथेच ताडून पाहतो. पाळणाघर उघडलं, एवढ्यानेही भागत नाही. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून बंधनकारकच आहे, आणि कायदा पाळल्याचा हार कुणी मागू नये. त्याऐवजी दोन ओळींचा ईमेल पुरतो: पाळणाघराआधी रजेवरून परतलेल्यांपैकी वर्षभर किती टिकल्या, नंतर किती, आणि त्यांतल्या एकीची बोलायची तयारी आहे.

आपलेच उणे आकडे आपण का पुरवायचे, असं कंपनी विचारेल. मोठ्या नोंदणीकृत कंपनीचे ते आधीच जाहीर आहेत. निदान कारण तरी आपल्या तोंडून सांगता येतं. छोट्या खासगी कंपनीला हे बंधन नाही, त्यामुळे तिच्या आक्षेपात दम आहे. पण तिचा मालक फसलेला एखादा नियम का बदलला, हे स्वतः सांगू शकतो. मोठ्या कंपनीत तेच वाक्य विधी विभागाच्या चाळणीतून गुळगुळीत होऊन येतं. कर्मचारी पत्रकारासमोर भलतंच बोलेल, ही भीतीही रास्त आहे. मात्र त्यावर एचआरचा माणूस शेजारी बसवण्याचा उपाय केला, की त्या मुलाखतीत पत्रकापेक्षा वेगळं काही उरत नाही.