इथेनॉलचे पेट्रोल आणि इंजेक्टरचा हिशेब

लोणारच्या पंपावर आज आपण जे पेट्रोल भरतो, ते पाच-सहा वर्षांपूर्वीचे पेट्रोल नाही. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले. आधी २०३० साठी ठेवलेले हे उद्दिष्ट पुढे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. तेव्हापासून घराघरांत तीन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो इंजिन जळते, कोणी म्हणतो काहीच होत नाही आणि गॅरेजवरची तरुण पोरे म्हणतात, "सर, मोठा इंजेक्टर टाका, टर्बोची हवा वाढवा, गाडी उडते की नाही बघा!"

तिसऱ्या बोलण्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. आमच्या वर्गातून दहावी करून गेलेली कितीतरी मुले आज मेहकर रस्त्यावरच्या, मंठा रस्त्यावरच्या गॅरेजांत उस्तादांच्या हाताखाली आहेत. अब्बांनी कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर असा प्रयोग फसला, तर पिस्टन वितळतो आणि महिन्या-दोन महिन्यांची कमाई एका दुपारी जाते. म्हणून हा विषय अफवांवर न सोडता आपण आज हिशेबाने पाहू. सातवी-आठवीचे गुणाकार-भागाकार त्याला पुरेसे आहेत.

इथेनॉल जास्त का लागते?

इथेनॉलच्या वजनाचा जवळपास ३५ टक्के भाग ऑक्सिजनच असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. त्यामुळे १ किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. इंजिनात शिरणारी हवा तेवढीच राहिली, तर तिच्याबरोबर इथेनॉल जास्त द्यावे लागणार हे उघड आहे. घनतेतला फरक धरून लिटरचा हिशेब केला, तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० सुमारे साडेसात टक्के, ई-८५ सुमारे ४३ टक्के आणि शुद्ध इथेनॉल सुमारे ५४ टक्के जास्त लागते.

मग टर्बोवाले इथेनॉलवर एवढे खूश का? त्याची दोन कारणे आहेत. आपल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, इथेनॉलचा सुमारे १०८ आहे. म्हणजे दाब वाढला तरी ते वेळेआधी भडकत नाही. दुसरे, वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषते आणि आत येणारी हवा थंड करते. टर्बो हवा दाबून गरम करतो, इथेनॉल ती थंड करते. जोडी छान जमते, पण पुरेसे इंधन पोहोचले तरच.

इंजेक्टर म्हणजे वेळेचा नळ

इंजेक्टर हा विजेवर उघडणारा बारीक नळ आहे. तो अर्धवट उघडत नाही. एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. किती वेळ उघडा ठेवायचा, ते गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू ठरवतो. ६००० आरपीएमला इंजिनाचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. फोर स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांचे, म्हणजे २० मिलिसेकंदांचे. इंजेक्टरला मिळणारा सगळा वेळ एवढाच. त्यातला ८० टक्के, म्हणजे १६ मिलिसेकंद वापरायचे आणि बाकीचे हाताशी ठेवायचे, हा जाणत्या मेकॅनिकांचा नियम आहे.

१२० अश्वशक्तीचे उदाहरण

तीन सिलिंडरची एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी घ्या. ताकद १२० अश्वशक्ती, म्हणजे ८८ किलोवॅट. पूर्ण ताकदीवर अशा इंजिनाला दर किलोवॅटला तासाला साधारण ३४० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरू. ८८ गुणिले ३४० म्हणजे तासाला सुमारे ३० किलो. लिटरमध्ये ४०. मिनिटाला सुमारे ६७० मिली. तीन इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी २२४ मिली. पण इंजेक्टर ८० टक्के वेळच उघडा ठेवायचा आहे, म्हणून २२४ ला ०.८ ने भागायचे. उत्तर येते २८० मिली. पेट्रोलसाठी मिनिटाला २८० मिलीचा इंजेक्टर हवा.

आता तीच ताकद ई-२० वर हवी असेल तर ३०० मिली, ई-८५ वर ४०० मिली आणि शुद्ध इथेनॉलवर सुमारे ४३० मिलीचा इंजेक्टर लागेल.

जुनाच २८० चा इंजेक्टर ठेवला तर काय होईल? ई-२० वर तो ८० ऐवजी ८६ टक्के वेळ उघडा राहील. निभावून जाईल. शुद्ध इथेनॉलवर मात्र त्याला १२३ टक्के वेळ हवा, म्हणजे २० मिलिसेकंदांत जवळपास २५ मिलिसेकंदांचे काम. ते होणे नाही. नळ सतत उघडा राहूनही इंधन कमी पडेल आणि मिश्रण लीन होईल. टर्बोचा पूर्ण दाब असताना लीन मिश्रण म्हणजे प्रचंड उष्णता, नॉकिंग आणि शेवटी पिस्टनला भोक. त्याआधी गाडी सहसा वेगळा इशारा देत नाही.

टर्बोची आणखी एक खोच

इंजेक्टरवर छापलेला आकडा ठरावीक दाबाचा असतो, बहुधा ३ बारचा. इंजेक्टर इनटेकच्या नळीत फवारत असेल आणि टर्बोने त्या नळीत १ बार दाब भरला, तर तो दाब इंधनाला उलटा ढकलतो. ३ बारचा जोर २ वर येतो आणि फवारा सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. कारण प्रवाह दाबाच्या वर्गमूळाने बदलतो. म्हणून अशा इंजिनात टर्बोचा दाब जेवढा वाढेल तेवढाच इंधनाचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो आणि पंपही त्या ताकदीचा लागतो. नुसता इंजेक्टर बदलून पंप जुनाच ठेवणे म्हणजे नळ मोठा बसवून टाकी रिकामी ठेवणे.

हल्लीच्या पुष्कळ टर्बो गाड्यांत इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो. तिथे दाब २०० बार किंवा त्याहून जास्त असतो आणि फवारायला वेळ फारच थोडा. त्या गाड्यांना वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नये.

मग सगळ्यात मोठा इंजेक्टरच का नको?

गाडी रांगेत उभी असते तेव्हाही इंजिन चालायचे असते. आयडलिंगला इंजेक्टर जेमतेम २-३ मिलिसेकंद उघडतो आणि त्यातला सुमारे १ मिलिसेकंद तर सुई उचलण्यातच जातो. इंजेक्टर दुप्पट मोठा घेतला की उघडण्याचा वेळ इतका तोकडा होतो की फवारा एकसारखा राहत नाही. गाडी थरथरते, धूर सोडते, पेट्रोल पिते. शिवाय इंजेक्टर बदलल्याचे ईसीयूला सांगितले नाही, तर तो जुन्याच आकड्यांवर चालत राहतो. हिशेबाला पुरेल तेवढाच इंजेक्टर, हेच शहाणपण. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, हेही मुलांना सांगावे. वॉरंटी आणि विमा दोन्ही त्यात अडकतात.

घरच्या गाडीचे काय?

ई-१० वरून ई-२० वर येताना इंधन फक्त साडेतीन-चार टक्के जास्त द्यावे लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो हा फरक ओळखून इंजेक्टरचा वेळ वाढवतो. अशा गाडीत इंजेक्टर बदलण्याचे कारण नाही. जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलला सेन्सर नसतो, जेटचे भोक ठरलेले असते. ती झटके देऊ लागली, तर जेट साफ करून घ्यावा आणि मिश्रण जाणत्या माणसाकडून जुळवून घ्यावे. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासावेत. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नये.

मायलेज घटते ही तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के मायलेज कमी होईल. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, हे त्याचे साधे कारण.

काही घरांतून विचारले जाते की हे इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच ना? रसायन तेच, उसाच्या मळीपासून किंवा मक्यापासून केलेले. इंधनाचे इथेनॉल पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. मसल्याचे उत्तर मात्र आपल्या जाणत्या आलिमांकडूनच घ्यावे.

उस्ताद आणि शागीर्द

ब्राझीलमध्ये १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम सुरू आहे आणि २००३ पासून तिथे पेट्रोल-इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जातात. आपल्याकडे टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये इथेनॉलवर चालणारी अपाची आणली, तर ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाने फ्लेक्स इंधनाची इनोव्हा दाखवली. उद्या अशा गाड्या लोणारच्या गॅरेजवरही येतील.

आमच्या जुन्या उस्तादांचा कान असा होता की आवाजावरून ते बिघाड सांगत. तो हुन्नर लाखमोलाचा आहे. पण इंजेक्टर १६ मिलिसेकंद उघडला की २०, हे कानाला कळत नाही. ते स्कॅनरवर वाचावे लागते आणि कागदावर मांडावे लागते. म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलगा गॅरेजवर जातो म्हणून त्याचे गणित सुटले असे समजू नका. त्याला आयटीआयला पाठवा. ते जमत नसेल तर निदान टक्केवारी, गुणोत्तर आणि वर्गमूळ पक्के करून घ्या. आणि त्याच्या उस्तादांकडे इंजेक्टर साफ करण्याचे यंत्र असेल, तर एका मिनिटात प्रत्येक नळीत किती मिली इंधन पडते, ते मुलाला वहीत लिहायला सांगा. एक नळी इतरांपेक्षा रिकामी दिसली, तर तोच सिलिंडर लीन चालतो आहे. गाडी वाचवणारी पहिली नोंद ती.