पेडल मऊ लागतंय? जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा अशी काढतात

पावसाळाभर झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी बॅटरी चार्ज केली की सुरू होते. खरी परीक्षा पहिल्या ब्रेकला असते. पेडल स्पंजसारखं आत जातं आणि चार वेळा पंप केल्यावर जरा कडक होतं. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

ऑइल जुनं असेल तर घाटउतारावर वेगळाच धोका असतो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. ब्रेक तापले की वाफ होते आणि ऐन वळणावर पेडल खाली बसतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आधी ड्रममधले शू ॲडजस्ट करावेत, कारण शू सैल असले तरी पेडल लांब जातं. सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या चाकापासून होते. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, पुन्हा कसायचं आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. निप्पल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत! वरच्या टाकीतलं ऑइल संपू दिलं तर सगळं काम पहिल्यापासून.

जुन्या गाडीत सर्वाधिक नुकसान मात्र उत्साहाने होतं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं रबर ठरावीक भागातच सरकतं. पुढचा भाग गंजलेला असू शकतो. पेडल तळापर्यंत रेटलं की रबर त्या गंजावर घासून फाटतं. म्हणून पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवणं शहाणपणाचं.

क्लच हायड्रॉलिक असेल आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरत असेल, तर तिथेही हवा असू शकते. पद्धत तीच.

काम झाल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरावं. हळूहळू खाली गेलं तर दोष हवेचा नाही, कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. आणि रंगावर ऑइल सांडलंच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं. ते रंग उचकटतं.