साखर कारखान्याचा प्रोसेस प्रमुख : काम आणि शिक्षण

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या मुलामुलींसाठी प्रोसेस इंजिनिअरिंगचं जवळचं उदाहरण म्हणजे वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना. मिलमधून आलेल्या रसापासून पोत्यातल्या साखरेपर्यंतची प्रक्रिया सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी म्हणजे प्रोसेस मॅनेजर किंवा चीफ केमिस्ट. मिल आणि बॉयलर चीफ इंजिनिअरकडे. रस, पाक, साखर शिजवण्याचे पॅन आणि मळी प्रोसेस मॅनेजरकडे.

आंबटसर कच्च्या रसाचा सामू चुना आणि गंधकाच्या धुरीने 7 च्या आसपास आणायचा. पुढे पॅनमध्ये निर्वात दाबाखाली कमी तापमानाला दाणा धरायचा, म्हणजे साखर करपत नाही. मळीतून साखर वाहून जाऊ न देणं हीच खरी कसोटी. रोज 3,000 टन गाळपात उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) 0.1 टक्का घसरला, तर दिवसाला 30 क्विंटल साखर हातची जाते. एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) उताऱ्याशी बांधलेली असल्याने ही बाब थेट ऊस उत्पादकाच्या खिशापर्यंत येते.

पाया रसायनशास्त्रातली बी.एस्सी. किंवा केमिकल इंजिनिअरिंगची पदवी. त्यावर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था (1936) इथला साखर तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम. केमिकल इंजिनिअरिंगसाठी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं (आयसीटी) जालन्यात 2018 पासून केंद्र आहे.

सुरुवात लॅब केमिस्ट म्हणून होते. मग मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, डेप्युटी, चीफ. पदवीइतकेच महत्त्वाचे रात्रपाळीचे गळीत हंगाम. ते टाळून कोणी चांगला चीफ केमिस्ट होत नाही. बारावीला गणित आणि रसायनशास्त्र सोडू नका.